डोळे वर, पापण्या खाली : डॉ. हर्बर्ट स्पीगल यांचं संमोहन

मान सरळ ठेवा, हनुवटी हलू देऊ नका. आता नुसती बुबुळं वर न्या, आधी भुवयांकडे, मग आणखी वर, टाळूकडे. नजर तिथेच धरून पापण्या सावकाश मिटा. समोर बसलेल्याने बघायचं ते एवढंच, की पापणी खाली येताना बुबुळाच्या खालच्या कडेपासून खालच्या पापणीपर्यंत पांढरं किती दिसतं. अजिबात नाही तर ०, बुबुळ पार वर जाऊन नुसतं पांढरंच उरलं तर ४. सगळं मिळून दहा सेकंद. न्यूयॉर्कचे डॉ. हर्बर्ट स्पीगल म्हणायचे, माणूस संमोहनात किती खोल जाईल याचा अंदाज एवढ्यावर बांधता येतो. १९७२ साली त्यांनी ही चाचणी छापली आणि तेव्हापासून तिच्यावर वाद चालू आहे.

आमच्या खान्देशात संमोहन म्हणजे नाट्यगृहातला प्रयोग. शाळेच्या मास्तरांना स्टेजवर बोलवायचं, कांदा सफरचंद म्हणून खायला लावायचा, खाली शिट्ट्या. नाहीतर मग दुसरं टोक : 'त्याने नजरेला नजर भिडवली आणि बाईने अंगावरचं सोनं काढून दिलं' छापाच्या बातम्या. दोन्हींत एकच समजूत आहे, की शक्ती करणाऱ्याच्या डोळ्यांत असते आणि समोरचा बिचारा गळाला लागतो. स्पीगल यांनी साठेक वर्षं या समजुतीच्या नेमकं उलट काम केलं. संमोहनाची क्षमता रुग्णाची असते, डॉक्टर फक्त ती आहे का, किती आहे ते मोजतो आणि कामाला लावायला शिकवतो, हे त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या पद्धतीत लंबक नाही, रोखून बघणं नाही, खर्जातला आवाज नाही.

जन्म २९ जून १९१४, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं मॅकीस्पोर्ट. डॉक्टरकी मेरीलँडला. पुढे वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मोठ्या मनोरुग्णालयात निवासी डॉक्टर असताना गुस्ताव आशाफेनबुर्ग या वयोवृद्ध जर्मन मनोविकारतज्ज्ञाकडून ते संमोहन शिकले. आशाफेनबुर्ग हिटलरच्या जर्मनीतून परागंदा होऊन आलेले. त्या काळी अमेरिकेत संमोहनाला फारसा कोणी विचारत नव्हता. कारण फ्रॉइड, रुग्णाला कोचावर पडून बोलतं करणाऱ्या मनोविश्लेषणाचे जनक. फ्रॉइड स्वतः पॅरिसला शार्को या डॉक्टरांकडे आणि १८८९ मध्ये फ्रान्समधल्याच नान्सीला बर्नहाइम या डॉक्टरांकडे संमोहन बघून आले होते. काही वर्षं त्यांनी ते वापरलं आणि मग सोडून दिलं. सगळ्यांना संमोहित करता येत नाही, गेलेलं लक्षण परत येतं आणि रुग्ण डॉक्टरवर नको इतका विसंबतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. गुरूने टाकलेली वस्तू शिष्यांनी उचलायची नाही, असा पुढे रिवाजच पडला. खुद्द फ्रॉइड मात्र इतके कडक नव्हते. १९१८ मध्ये बुडापेस्टच्या भाषणात त्यांनी कबूल केलं होतं, की उपचार गोरगरिबांपर्यंत न्यायचे तर विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात सरळ सूचनेचं तांबं मिसळावं लागेल. शिष्यांनी सोनं लक्षात ठेवलं आणि तांब्याकडे काणाडोळा केला.

स्पीगल या विश्लेषकांच्या घरचेच होते. ते मनोविश्लेषक, पहिली पत्नी नॅटली शेनेस याही मनोविश्लेषक. अब्राम कार्डिनर यांच्याबरोबर त्यांनी १९४७ साली युद्धातल्या मनोविकारांवर पुस्तक लिहिलं आणि हे कार्डिनर व्हिएन्नाला जाऊन प्रत्यक्ष फ्रॉइडसमोर कोचावर पडून आलेले. त्यामुळे स्पीगल संमोहनाच्या बाजूने बोलू लागले तेव्हा 'याला विश्लेषण कळत नाही' असं म्हणायची सोय नव्हती. त्याच दशकांत पॅरिसमध्ये लेओं शेरटोक हेही हेच भांडण भांडत होते. खुद्द लाकां या नामांकित फ्रेंच मनोविश्लेषकाकडे विश्लेषण करून घेतलेला हा माणूस अखेरपर्यंत सांगत राहिला, की संमोहन कसं चालतं हे विश्लेषकांना कळत नाही म्हणून ते त्याच्याकडे बघत नाहीत. शेरटोक यांना सिद्धांत छळत होता, स्पीगल यांना उपाय हवा होता. खेड्यापाड्यांतून रुग्ण येणाऱ्या आपल्या भागाला मला दुसरा जास्त उपयोगी वाटतो.

हा उपयोगी स्वभाव बहुधा युद्धात घडला. दुसऱ्या महायुद्धात ट्युनिशियाच्या आघाडीवर ते अमेरिकेच्या पहिल्या पायदळ डिव्हिजनमध्ये एका बटालियनचे डॉक्टर होते. तिथे कोच नाही, पन्नास मिनिटांची बैठक नाही. पुढ्यात थरथरणारा किंवा जखमी पोरगा आणि हातात काही मिनिटं. ते स्वतःही तिथेच जखमी झाले आणि त्यांना पर्पल हार्ट हे पदक मिळालं. १९४४ साली त्यांनी या मोहिमेतली निरीक्षणं छापली. सैनिक शत्रूच्या द्वेषापायी फारसा टिकत नाही, शेजारच्या सोबत्यापायी टिकतो. आणि थकवा व झोपमोड यांनी तो मोडतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. थोडक्या वेळात सरळ सूचना देऊनही माणूस सावरू शकतो, ही खात्री घेऊन ते परतले.

परतल्यावर कोलंबिया विद्यापीठात त्यांनी डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना बरीच वर्षं संमोहन शिकवलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ मध्ये संमोहनाला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली होती, पण मोजायचं कसं हा प्रश्न होता. प्रयोगशाळेत स्टॅनफर्ड विद्यापीठाची मोजपट्टी होती; ती पूर्ण करायला तासभर लागतो. चालत्या ओपीडीत तासभर कोणाला आहे? म्हणून स्पीगल यांनी पाच-दहा मिनिटांची स्वतःची चाचणी बसवली. सुरुवात डोळ्यांच्या त्या दहा सेकंदांनी. पापण्या मिटल्या की खोल श्वास, तो थोडा धरायचा, सोडताना डोळे सैल, पापण्या मात्र मिटलेल्याच, अंग खुर्चीत तरंगतंय असं मनात आणायचं. मग डॉक्टर डाव्या हाताच्या मधल्या बोटापासून कोपरापर्यंत हलकेच बोट फिरवतो आणि सांगतो, की हा हात हलका होतोय, फुग्यासारखा वर जाऊ द्या. हात कोपरातून उभा राहिला की पुढची सूचना : डोळे उघडल्यावरही हा हात असाच राहील, मी खाली ठेवला तरी पुन्हा वर जाईल आणि मी कोपराला स्पर्श केला की नेहमीसारखा होईल.

खरं मोजमाप इथून पुढे, डोळे उघडल्यावर. हात खाली ठेवल्यावर तो आपोआप वर जातो का, की दोन-तीनदा आठवण करून द्यावी लागते? हा हात दुसऱ्याइतका आपलासा वाटतो की परका? दोन्ही हातांवरच्या ताब्यात फरक जाणवतो का? कोपराला हात लावल्यावर तो फरक जातो का? तरंगल्यासारखं वाटलं का? उत्तरांना गुण, बेरीज ० ते १०. डोळ्यांचे गुण वेगळे लिहायचे. स्पीगल यांच्या मते डोळे सांगतात जन्मजात कुवत, हात सांगतो आज ती किती वापरता येते. डोळे ३-४ आणि हात शून्य, असा उलटा नकाशा आला तर मानसिक आजाराची शंका घेऊन नीट तपासायचं.

आता वाद. १९७९ मध्ये हिलगार्ड व ऑर्न हे संशोधक आणि स्पीगल मंडळी यांनी मिळून दोन्ही मोजपट्ट्या ताडून पाहिल्या. हाताच्या भागाचा स्टॅनफर्डशी थोडाफार मेळ बसला, डोळ्यांच्या भागाचा बसला नाही. म्हणून कोणी नुसते डोळे बघून 'तुम्ही चटकन संमोहित व्हाल' असं सांगितलं तर मान हलवावी आणि पुढे जावं. पूर्ण चाचणीला अर्थ आहे, डोळ्यांच्या एकट्या गुणांना फारसा नाही. शिवाय करताना चुकाही ठरलेल्या होतात. कॉन्टॅक्ट लेन्स काढायला सांगत नाहीत. रुग्ण बुबुळांऐवजी मान वर करतो. पापणी आधी मिटतो आणि नजर मागून वर नेतो; मग मोजायला काही उरतच नाही. आपल्याकडे आणखी एक : डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या आजीबाई परक्या डॉक्टरसमोर नजर वर करायलाच लाजतात आणि ते गुण शून्य म्हणून पडतात.

गुणांवरून त्यांनी माणसांचे तीन ढोबळ गट केले होते आणि त्यांना ग्रीक नावं दिली. कमी गुणांचे अपोलोनियन : हिशेबी, पुरावा मागणारे. मधले ओडिसियन. वरचे डायोनिसियन : चटकन विश्वास ठेवणारे, समोरच्याच्या भावनेत वाहून जाणारे. श्रावणात कानबाईच्या जागरणाला डफ वाजू लागला की ज्या बायांच्या अंगात सगळ्यांच्या आधी येतं, त्या बहुतेक या वरच्या गटातल्या असाव्यात असं माझं मत आहे. त्यांना वेडं ठरवायचं कारण नाही आणि सोंग म्हणून हिणवायचंही नाही. पण भोंदूच्या हाती सगळ्यात आधी याच सापडतात, हेही खरं.

स्पीगल यांचं सर्वांत पसरलेलं काम धूम्रपानावरचं. एकच बैठक, ४५ मिनिटं, त्यातच चाचणी, त्यातच शिकवण. १९७० साली त्यांनी निकाल छापला : ६१५ रुग्णांना प्रश्नावली पाठवली, २७१ जणांनी परत केली, किमान सहा महिने सोडलेले १२१ निघाले. त्यांनी १२१ ला २७१ ने भागलं नाही, ६१५ ने भागलं. म्हणजे ज्यांचं उत्तर आलं नाही ते अजून ओढतायत असं धरून २० टक्के. 'शंभर टक्के व्यसनमुक्ती'चे फलक लावणाऱ्यांनी हा भागाकार भिंतीवर लिहून ठेवावा. पाचातला एक हा आकडा लहान वाटतो. एका भेटीत, बिनऔषधाने, मुरलेल्या सिगारेटवाल्यांत, तो लहान नाही.

पद्धत अशी. एक : नजर वर. दोन : नजर वर ठेवून पापण्या मिटा, खोल श्वास. तीन : श्वास सोडा, डोळे सैल, अंग तरंगू द्या, एक हात हलका होऊन वर येऊ द्या. मग मनात तीन वाक्यं. माझ्या शरीराला धूर हे विष आहे. जगायला मला हे शरीर लागतं. त्याला जपणं, त्याचा मान ठेवणं माझ्याकडे लागतं. बाहेर येताना उलटी मोजणी : तीन म्हणजे तयार, दोनला मिटल्या पापण्यांआड बुबुळं वर, एकला डोळे सावकाश उघडा, मूठ आवळा, सोडा. सगळं मिनिटभरात. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी, दिवसातून दहा वेळांपर्यंत. चारचौघांत असाल तर त्याचीही सोय आहे : डोळे मिटून कपाळाला हात लावायचा, डोकं दुखत असल्यासारखा, आणि आत तीच तीन वाक्यं. नंतर तलफ येईल तेव्हा गालावरून हात फिरवला की वाक्यं आठवतात.

वाक्यांत 'ओढू नको' कुठेच नाही, हे मुद्दाम. नाकाला खाज सुटलीय हे विसर, असं स्वतःला बजावून बघा, खाज वाढते. नकाराशी कुस्ती खेळण्यापेक्षा शरीराची बाजू घ्यायची आणि बिडी त्या ओघात मागे पडू द्यायची.

आपल्याकडे धुरापेक्षा तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू जास्त. तिथे पहिलं वाक्य बदलावं लागतं, 'धूर' चालत नाही. हातही बदलावा लागतो. मळणारा डावा तळहात आणि उजवा अंगठा हीच सवयीची जोडी, म्हणून तरंगायला डावा हात घ्यावा. सवयीचाच हात वेगळ्या कामाला लागतो. भाषा तर बदलावीच लागते. धुळे-साक्रीकडच्या आप्पांना पुस्तकी मराठीत 'शरीराप्रति आदर' सांगितलात तर ते 'हो डॉक्टर' म्हणतील आणि दारातच पुडी फोडतील. 'तंबाखू मन्हा आंगले जहर शे. आंग शे तं मी शे. मी आंगनी कदर करसू.' त्यांच्या अहिराणीत एवढं पुरतं. यावल-रावेरकडे लेवा बोलीत, सातपुड्यात पावरी-भिलोरीत, ज्याच्या त्याच्या तोंडी बसेल तसं. वाक्य रुग्णाने स्वतः मोठ्याने म्हणून दाखवल्याशिवाय त्याला सोडू नये.

फसतं कुठे? बहुतेक वेळा दहाऐवजी एकदाच, रात्री झोपताना करतात. तलफ तर सकाळी चहाबरोबर येते. काही जण वाक्यं वाढवत नेतात, त्यांत बायकोमुलांची शपथ घालतात; शपथ मोडली की अपराधीपणा आणि त्यावर उपाय पुन्हा तंबाखूच. उलटी मोजणी अर्धवट सोडून लगेच मोटारसायकलला किक मारतात. जड डोक्याने गाडी चालवू नये, पूर्ण बाहेर येऊन दोन मिनिटं थांबावं. ज्यांची चाचणी शून्याजवळ येते त्यांना तंद्रीत ढकलत बसू नये. त्यांच्यासाठी तीच तीन वाक्यं जागेपणी, आणि डॉक्टरांनी दिलं तर निकोटिनचं च्युइंगगम. 'बाहेरच आलो नाही तर?' ही भीती सगळ्यांना असते. काही होत नाही. फार तर झोप लागते आणि माणूस उठतो.

वेदनेसाठीही रचना तीच, वाक्य वेगळं. 'दुखत नाही' म्हणायचं नाही, कारण दुखतंय. दुखण्यातला त्रास गाळून टाका, असं स्पीगल सांगत. त्या जागी गारवा, मुंग्या किंवा दात काढताना येतो तसा बधिरपणा आणायचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा बर्फाची कल्पना करायला इथे कोणाला शिकवावं लागत नाही. पण निदान झाल्याशिवाय वेदना दाबायची नाही. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूचं दुखणं संमोहनाने शांत केलं आणि अपेंडिक्स फुटलं, तर संमोहन करणाऱ्याला माफी नाही.

त्यांचे चिरंजीव डेव्हिड स्पीगल स्टॅनफर्डला हेच काम पुढे नेतात. पिता-पुत्रांचं पाठ्यपुस्तक १९७८ मध्ये आलं. डेव्हिड सहलेखक असलेल्या, २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात २४१ रुग्णांवर रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडावरच्या छोट्या प्रक्रिया झाल्या. नेहमीच्या पद्धतीत सरासरी ७८ मिनिटं लागली, स्वसंमोहन शिकवलेल्यांत ६१. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने ५४५ जणांतून वरच्या आणि खालच्या टोकाचे ५७ निवडून मेंदूचं स्कॅनिंग केलं. वरच्या गटात, तंद्रीत असताना, धोक्याकडे सतत लक्ष ठेवणाऱ्या भागाची हालचाल मंदावलेली दिसली.

थोरल्या स्पीगल यांचं मोठेपण मला मात्र संमोहनाच्या धोक्यांवर त्यांनी जे उघड बोललं त्यात दिसतं. १९६८ मध्ये एनबीसी वाहिनीसाठी त्यांनी एका माणसाला संमोहित करून सांगितलं, की टीव्हीच्या धंद्यात कम्युनिस्टांचा कट शिजतोय. तो माणूस कट्टर उजवा वगैरे नव्हता. तरी त्याने कटाचा तपशील रचला, नावं घेतली, हट्टाने वाद घातला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला ते खरंच वाटत होतं. अशा माणसाला स्पीगल प्रामाणिक खोटारडा म्हणत. चोरीचा माल कुठे पुरलाय, गेल्या जन्मी कोण होतो, लहानपणी काय घडलं, हे संमोहनात 'काढून' देणाऱ्यांनी हा प्रयोग आधी समजून घ्यावा. तंद्रीत आठवण ठळक होते, खात्री वाढते. खरेपणा वाढेलच असं नाही.

'सिबिल' या पुस्तकाचं प्रकरणही त्याच जातीचं. १९७३ साली आलेल्या त्या पुस्तकातली सोळा व्यक्तिमत्त्वांची बाई म्हणजे शर्ली मेसन. तिच्या डॉक्टर कॉर्नेलिया विल्बर बाहेरगावी असल्या की ती स्पीगल यांच्याकडे येई. त्यांच्या वर्गात प्रात्यक्षिकालाही बसे. एकदा तिने विचारलं, 'मी हेलन होऊ का?' हेलन हे त्या सोळांतलं एक. का, तर विल्बरबाईंना तसं झालेलं लागतं. स्पीगल म्हणाले, तुला हवं तर हो, नको तर नको. आणि ती झाली नाही. त्यांच्या मते ती संमोहनाच्या सर्वांत वरच्या पायरीवरची बाई होती, डॉक्टरला काय हवंय ते ओळखून तसं होणारी. पुस्तकात 'बहुव्यक्तिमत्त्व' हा शब्द नसेल तर पुस्तक विकलं जाणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं आणि ते बाजूला झाले. १९९७ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी हे सविस्तर सांगितलं. तोवर त्या निदानाची अमेरिकेत साथ येऊन गेली होती. त्यांनी हे वीस वर्षं आधी आणि याहून मोठ्याने सांगायला हवं होतं, असं वाटल्यावाचून राहत नाही.

बाकी माणूस रसिक. मॅनहॅटनच्या इलेन्स या लेखक-नटांच्या रेस्टॉरंटात त्यांचं टेबल ठरलेलं. नव्वदी ओलांडल्यावरही रुग्ण बघत होते. १५ डिसेंबर २००९ रोजी, ९५ व्या वर्षी गेले.

इथे कोणाला संमोहनाचा उपचार घ्यायचा असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ, मग संमोहन, हा क्रम सोडू नका. नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी मागावर आहे असं वाटतं, जगणं नकोसं झालंय किंवा फिट येते, अशांनी आठवड्याच्या शिबिरात जाऊन प्रयोग करू नयेत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात विचारा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर मराठीत बोला. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे. संमोहन करणाऱ्याला पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा : मूळ पदवी कोणती, माझी क्षमता मोजणार का आणि मोजून कमी आली तर काय करणार. तिसऱ्या प्रश्नाला 'माझ्याकडे सगळेच जातात' असं उत्तर आलं तर फी भरायच्या आधी उठा.